पटावर तीस, वर्गात किती?

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं, तोवर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि ऊसतोड मजुरांची कुटुंबं पोराबाळांसकट गाव सोडून गेलेली असतात. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, अशाच एका सकाळी, चौथीच्या वर्गात मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. मॅडम हजेरी घेत होत्या. एक, दोन, तीन, मग एकदम सहा. सात, आठ, मग अकरा. मधली नावं त्या वाचतच नव्हत्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "वाचून काय करू? ती कारखान्याला गेलीत. पाडव्याच्या आसपास येतील." कॅटलॉग पुढ्यात होता. शिक्षक हजेरीच्या वहीला कॅटलॉगच म्हणतात. त्यातल्या काही ओळी दिवाळीपर्यंत छान भरलेल्या होत्या, आणि पुढे नुसत्या रिकाम्या चौकटी.

दर जूनमध्ये आपण 'शाळा प्रवेशोत्सव' वाचतो. फुगे, औक्षण, बैलगाडीतून मिरवणूक, नव्या पुस्तकांचा वास. पटनोंदणी शंभर टक्के. त्यात खोटं काही नसतं, मुलांची नावं खरोखरच पटावर असतात. पण पटावरचं मूल वर्गात किती दिवस असतं, हा वेगळाच प्रश्न आहे, आणि जगभरच्या शिक्षण-संशोधकांनी गेल्या वीसेक वर्षांत त्यावर बरंच काम केलं आहे. त्यातलं काही आपल्या रोजच्या समजुतींना धक्का देणारं आहे.

नव्वद टक्के हजेरी म्हणजे चांगलंच की!

इथेच पहिली फसगत होते. समजा वर्गात ३० मुलं आहेत आणि महिन्यात शाळेचे २० दिवस भरले. म्हणजे कॅटलॉगमध्ये ६०० चौकटी. हजेरी ९० टक्के, तर ६० चौकटी रिकाम्या. आता या ६० चौकटी दोन तऱ्हांनी रिकाम्या राहू शकतात. एक, प्रत्येक मूल दोन-दोन दिवस आलं नाही. दुसरी, २७ मुलं रोज आली आणि तीन मुलं महिनाभरात एकदाही फिरकली नाहीत. वरच्या कार्यालयात जाणाऱ्या तक्त्यात दोन्ही वर्ग सारखेच दिसतात. पहिल्या वर्गात सर्दी-खोकल्याची साथ असेल किंवा गावची जत्रा. दुसऱ्या वर्गातून तीन मुलं निसटून चालली आहेत.

म्हणून संशोधक वर्गाची सरासरी बाजूला ठेवून एकेका मुलाचे बुडालेले दिवस मोजतात. शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस जे मूल येत नाही, ते 'सततचं गैरहजर', अशी व्याख्या अमेरिकेत रुळली आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांचे सहकारी यांच्या २०१२च्या अहवालानंतर ती सर्वतोमुखी झाली. या मोजणीत कारण विचारलं जात नाही. आजारपण, लग्न, दांडी, सगळे दिवस सारखेच, कारण वर्गात झालेला धडा तिन्ही वेळा बुडतोच.

आपल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरावी असं आहे. त्याचे १० टक्के म्हणजे २० ते २२ दिवस. वर्षाचे दहा महिने धरले तर महिन्याला दोन. महिन्याला दोन दिवस! आपल्या ओळखीतलीच किती मुलं या व्याख्येत बसतील ते मोजून पाहा. मी मोजली. शाळेत असताना मीही बसलो असतो.

'असर' या देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षणात तपासनीस शाळेत जाऊन प्रत्यक्ष डोकी मोजतात. २०२४ साली सरकारी प्राथमिक शाळांत त्या दिवशी हजर सापडलेली मुलं पटाच्या ७५.९ टक्के होती. २०१८ साली हा आकडा ७२.४ होता, म्हणजे सुधारणा आहे. तरीही देशभरात ढोबळमानाने दर चार मुलांतलं एक त्या दिवशी वर्गात नव्हतं. आणि हे एकाच दिवसाचं चित्र. रोज वेगवेगळं मूल नसतं की तेच तेच नसतं, हे त्यातून कळत नाही.

सरकारी व्याख्येतही एक फट आहे. केंद्राच्या व्याख्येनुसार न सांगता सलग ४५ दिवस गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य ठरतं. महाराष्ट्राने ही मुदत महिन्याची ठेवली आहे. कळीचा शब्द 'सलग'. जे मूल आठवड्याला दोन दिवस येतं आणि चार दिवस म्हशीमागे जातं, ते वर्षभरात शंभराहून जास्त दिवस बुडवूनही कधीच शाळाबाह्य होत नाही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली. आकडा फारच कमी आला असा आक्षेप स्वयंसेवी संस्थांनी तेव्हाच घेतला होता. जुलैत ऊसतोड कुटुंबं गावातच असतात, हे लक्षात घ्या.

दांडी, बुट्टी आणि बाकीचं

पुण्या-मुंबईकडे दांडी मारतात, कोल्हापूर-बेळगावकडे बुट्टी. शब्दांत थोडी मस्ती आहे: दप्तर झाडाखाली लपवून विहिरीवर जाणं, मास्तर दिसले की पळणं. खरी गैरहजेरी बहुतेक वेळा इतकी रम्य नसते. संशोधक तिचे साधारण चार प्रकार करतात आणि ते वेगळे ओळखणं फार महत्त्वाचं मानतात, कारण एकावरचं औषध दुसऱ्याला बाधतं.

पहिला प्रकार खरी दांडी: मूल घरातून शाळेसाठी निघतं, शाळेत पोचत नाही आणि आईबापांना पत्ता नसतो.

दुसऱ्यात आईबापांना सगळं माहीत असतं, मूल घरीच असतं, पण शाळेत जाणं त्याला जमतच नाही. सकाळी सात वाजता पोटात दुखतं, साडेअकराला थांबतं. रविवारी कधीच दुखत नाही. आपण त्याला नाटकी म्हणतो. यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांनी बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांचा मुद्दा असा की मूल शाळा टाळतं तेव्हा त्याला त्यातून काय मिळतं ते बघा. शाळेत जीव घाबरतो, त्यातून सुटका मिळते का? फळ्यासमोर उभं राहून वाचणं किंवा मधल्या सुट्टीतली चिडवाचिडवी टळते का? आई दिवसभर जवळ राहते का? की घरी मोबाइल आहे? चौघांच्याही पोटातच दुखतं. पण मोबाइलवाल्याला थोडा धाक चालून जाईल, आणि तोच धाक भेदरलेल्याला दाखवलात तर त्याचं पोट उद्या जास्त दुखेल.

तिसऱ्या प्रकारात घरच मुलाला ठेवून घेतं. धाकटं भावंड सांभाळायला, कापूस वेचायला, आजी दवाखान्यात आहे म्हणून. चौथ्यात शाळाच मुलाला बाहेर ठेवते: फी थकली म्हणून, किंवा अपंग मुलाच्या आईला 'रोज नाही आणलंत तरी चालेल' असं गोड बोलून. कॅटलॉगमध्ये चौघांसाठी खूण एकच.

'पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही'

हे वाक्य मी शिक्षकांकडून, अधिकाऱ्यांकडून आणि चहाच्या टपरीवर सारख्याच ठामपणे ऐकलं आहे. ऊसतोडीचा हिशेब नीट पाहिला की ते टिकत नाही.

ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, 'कोयता' मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार, हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. त्यातून जुनं देणं फिटतं, आजारपण निघतं, लग्न उरकतं. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून ती उचल फेडायची. बायको गावी राहिली तर कोयता अर्धा होतो आणि उचल मात्र पुरी असते. दोघं गेली तर पोरं कुणाजवळ ठेवायची? आजी-आजोबा धडधाकट असतील तर त्यांच्याजवळ. नसतील तर फडावर, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या रानात.

फडावर दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. आईबाप तोडणीला गेले की कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, दहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा भाऊ उरतात. पाणी आणायचं, भाकरीचं बघायचं, वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी बांधायची, बारक्याला पाचटातून चालू द्यायचं नाही. तिला शाळेचं विचारलं तर ती सरळ म्हणते, "मंग बारक्याला कोन बगंल?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शाळेकडे नाही. पाळणाघर असतं तर ती कदाचित शाळेत असती, असं म्हटलं की लोक हसतात. पण घरानं ठेवून घेतलेल्या मुलींची गैरहजेरी पुष्कळदा धाकट्याच्या देखभालीचाच प्रश्न असते.

यावर महाराष्ट्रात एक उपाय झालेला आहे: हंगामी वसतिगृह. हंगामापुरतं मुलांना गावातच ठेवायचं, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीने करायची. आईबाप गेले तरी मूल वर्गात. जी मुलं जातातच, त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेने बसवून घ्यायचं. त्याआधी कारखान्यांच्या आवारात साखरशाळाही चालल्या. कल्पना म्हणून सगळंच पटण्यासारखं आहे. मात्र वयात आलेल्या मुलीला सहा महिने मागे ठेवून जायला आईचा जीव धजत नाही. मग ती मुलगी बरोबर नेली जाते, किंवा तिचं लग्न लावून नवा कोयता तयार होतो. हमी कार्डाचंही तसंच. फड आज इथे, पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात. कोणत्या शाळेला दाखवायचं?

'दोन-चार दिवसांनी काय आभाळ कोसळतं?'

हा आक्षेप शहाणा आहे. आपण सगळेच दिवस बुडवून मोठे झालो. शिवाय जी मुलं जास्त गैरहजर असतात ती बहुधा गरीब असतात, मग त्यांचे कमी गुण गरिबीमुळे की गैरहजेरीमुळे, हे कसं ठरवायचं? दोन्ही गोष्टी एकत्रच आढळतात म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणता येत नाही.

अर्थतज्ज्ञ जोशुआ गुडमन यांनी २०१४ साली हा गुंता बर्फाच्या मदतीने सोडवायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडला की शाळा सगळ्यांसाठीच बंद राहते. मध्यम पडला की शाळा चालू असते, पण काही मुलं पोचत नाहीत. बर्फ किती पडेल हे कुणाच्या गरिबीवर किंवा आळसावर ठरत नाही, म्हणून ही तुलना कामाची. निष्कर्ष चक्रावणारा निघाला: शाळा पूर्ण बंद राहिलेल्या दिवसांचा गुणांवर परिणाम जवळजवळ दिसला नाही, पण चालू शाळेतून एकेकट्या मुलाचे बुडालेले दिवस गणिताला चांगलेच भोवले.

एसटीचं उदाहरण घ्या. स्टँडवरून गाडीच अर्धा तास उशिरा सुटली तर सगळे एकत्र उशिरा निघतात, आणि ड्रायव्हर वाटेत थोडी वेळ भरून काढतो. गाडी वेळेवर सुटली आणि एकटा तुम्हीच मागे राहिलात, तर तुमच्यासाठी ती मागे फिरत नाही. मुंबईत पावसाने शाळा दोन दिवस बंद राहिली तर बाई तिसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करतात. तुमचं एकटं मूल दोन दिवस गेलं नाही, तर बाई पुढे गेलेल्या असतात. आणि समजा मायाळूपणाने थांबल्याच, तर बाकीच्यांची गाडी थांबते. दुसऱ्याच्या गैरहजेरीची झळ रोज येणाऱ्या मुलांनाही लागते, असं शिक्षण-संशोधक मायकेल गॉटफ्रीड यांच्या अभ्यासांत दिसलं आहे.

गणिताला जास्त भोवतं, हेही समजण्यासारखं आहे. टीव्हीवरची मालिका महिनाभर पाहिली नाही तरी कळते. सासू अजून तिथेच चिडलेली असते. भागाकार शिकवला त्या आठवड्यात नसलात तर अपूर्णांकाला अडता, अपूर्णांकाला अडलात तर टक्केवारीला. तोवर वर्गात बसून काही कळेनासं होतं, आणि जिथे काही कळत नाही तिथे जावंसं वाटत नाही. इथून पुढे गैरहजेरीच गैरहजेरीला जन्म देते. पहिल्यांदा कारखाना कारण होता, आता गणित आहे.

'आमच्याकडे तर न जाताच डॉक्टर होतात'

खरं आहे. अकरावी-बारावीला नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर नीट-जेईईच्या क्लासला, ही व्यवस्था आता कुणी लपवतही नाही. 'इंटिग्रेटेड' हा तिचा सभ्य शब्द, 'डमी' हा खरा. सीबीएसईने अचानक तपासण्या करून नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढून घेतली, ती याच कारणाने.

पण ही मुलं वर्गातून उठून आणखी महागड्या वर्गात बसतात. त्यांचं शिकणं बुडत नाही, शाळा बुडते. त्यांच्याकडे बोट दाखवून उसाच्या फडावरच्या मुलीला 'न जाता चालतं' म्हणणं, म्हणजे उपास आणि उपासमार एकच समजण्यासारखं आहे.

आणि गुरुजी कुठे असतात?

विचारायलाच हवं. २००३ साली देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी देऊन झालेल्या मोठ्या पाहणीत सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत सापडले नाहीत. झारखंडमध्ये हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि सगळ्यात कमी, साधारण १५ टक्के, महाराष्ट्रात. म्हणजे आपल्याकडे हा दोष तुलनेने कमीच. त्यातही सगळे दांडीबहाद्दर नसतात; जनगणना, निवडणूक, प्रशिक्षण, बैठक, ऑनलाइन माहिती भरणे हीही कारणं असतात. मात्र मूल पाच किलोमीटर चालत आलं आणि गुरुजी बैठकीला गेलेले असले, तर उद्या ते यायचं की नाही याचा विचार करणारच.

दंड एक रुपया, भत्ता एक रुपया

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया चांगला बोचणारा होता. १९९२ पासून महाराष्ट्र सरकारने उलटी वाट धरली: पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांतल्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. पुढे वर्षानुवर्षं तो रुपया रुपयाच राहिला. आज त्यात एक चॉकलेट येतं.

पैशाने हजेरी वाढते का? मेक्सिकोत १९९७ साली सुरू झालेल्या प्रोग्रेसा योजनेत मुलाची हजेरी ८५ टक्के असेल तरच आईच्या हाती रक्कम मिळे, आणि तिचा उपयोग झाला, विशेषतः प्राथमिकनंतर गळणाऱ्या मुलींना. पण ती रक्कम मुलाने कामावर जाऊन जे मिळवलं असतं त्याच्याशी स्पर्धा करणारी होती. दंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये आजही विनापरवानगी सुट्टीसाठी पालकांना ८० पौंडांपासून दंड होतो; ज्याला सहलीचं तिकीट परवडतं तो तोही भरतो. उचल फेडणाऱ्या बापाला दंड लावून फार तर उचल वाढेल.

मग कशाने फरक पडतो?

दोन उत्तरं अनपेक्षित आहेत. केनियाच्या बुसिया भागात एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी शाळांत जंताच्या गोळ्या वाटून पाहिल्या, आणि गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचं २००४ मध्ये मांडलं. नंतर त्या आकडेमोडीवर जोरदार वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही. आपल्या शाळांत २०१५ पासून जंतनाशक दिन पाळतात. हजेरीचं सोडा, पण जंत गेलेले बरेच.

दुसरं उत्तर उलट्या दिशेचं. मुली पाळीमुळे महिन्याला चार-पाच दिवस शाळा बुडवतात, असं आपण धरून चालतो. नेपाळमध्ये चितवनला एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन यांनी प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तर पाळीमुळे बुडालेली शाळा वर्षातल्या १८० दिवसांत अर्धा दिवससुद्धा भरली नाही. म्हणून पॅड देऊ नयेत असं नाही. ते मुलीच्या सोयीसाठी आणि सन्मानासाठी द्यायलाच हवेत. पण तेवढ्याने हजेरी वाढेल असं मानलं, तर धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी नजरेआडच राहील.

मला सर्वांत आवडलेला प्रयोग फिलाडेल्फियातला आहे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. टॉड रॉजर्स आणि अ‍ॅवी फेलर यांनी २८ हजारांहून जास्त कुटुंबांवर तो केला. जास्त दिवस बुडवणाऱ्या मुलांच्या पालकांना आपल्या मुलाचे नेमके किती दिवस बुडाले हेच धड माहीत नव्हतं. त्यांचा अंदाज प्रत्यक्षाहून बराच कमी निघाला. मग त्यांना पत्रं गेली: तुमच्या मुलाचे या वर्षी इतके दिवस बुडाले. रागावणं नाही, दंड नाही. सततच्या गैरहजेरीत १० टक्क्यांहून जास्त घट झाली, तीही कागद आणि टपालाच्या खर्चात. पत्राने अर्थात ऊसतोड थांबणार नाही. पण महिन्याला दोन दिवस बुडवणारं मूल शहरात आहे, सोसायटीत आहे, आणि तिथे पत्र पुरेल.

त्या शाळेतल्या मॅडमनी हे संशोधन वाचलेलं नव्हतं. त्यांच्याकडे एक वेगळी वही होती. कारखान्याला गेलेल्या प्रत्येक मुलापुढे मुकादमाचा मोबाइल नंबर, आणि शेवटचा कोणता धडा शिकून गेलं याची नोंद. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या फोन लावत. रेंज मिळाली तर पाढे विचारत, नाही मिळाली तर पुढच्या शनिवारी. मार्चअखेर पुन्हा गेलो तेव्हा कारखान्यांचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, लागला होता. मागच्या बाकावर दोन मुलं नवी दिसली, उन्हाने करपलेली. एका मुलीपुढे मॅडमनी ती वही उघडली आणि बोट ठेवून म्हणाल्या, "हातच्याची वजाबाकी. इथं थांबलो होतो आपण."

बाकीचा वर्ग तेव्हा भागाकारात होता.